गाडी तीच, इंजिन दुसरं

माझा डावा पाय उजव्यापेक्षा तीन बोटं आखूड आहे. सातवीत असताना चिंचेवरून पडलो, मांडीचं हाड मोडलं आणि गावातल्या हाडवैद्यानं ते त्याच्या समजुतीप्रमाणं बसवून दिलं. चालताना थोडा झोक जातो, एवढंच. पण मोटारसायकलवर बसलो की खरी पंचाईत. उंच गाडीवर डावा पाय जमिनीला पुरत नाही, आणि गाडी थांबवायची वेळ आली की ती नेमकी त्याच बाजूला कलते. तरुणपणी मी मित्रांच्या दोन-तीन गाड्या अशा उभ्या-उभ्या पाडल्या. नंतर कुणी चालवायला दिली नाही, मीही मागितली नाही.

चौदा वर्षांपूर्वी बीदरच्या एका शोरूममध्ये मी पहिल्यांदा क्रूझर गाडीवर बसलो. बसकी सीट, पसरट हँडल, पाय पुढं सोडून बसायचं. दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले. मी तसाच बसून राहिलो. सेल्समन माहिती सांगत होता, त्यातलं काही कानात गेलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "आता उतरा की. घ्यायची तर घेऊ."

घेतली. डावा पाय पुढच्या गिअरपर्यंत नीट पोचेना, म्हणून बसवकल्याणच्या एका जुन्या मिस्त्रीनं गिअरचा दांडा वेल्डिंग करून माझ्या मापानं लांब करून दिला. त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. त्या दिवसापासून माझी गाडी दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही आणि दुसऱ्याची मला येत नाही.

मी राजेश्वरला हायस्कुलात गणित शिकवतो. बायको राजेश्वरच्या अलीकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घर हुलसूरला. म्हणजे रोज सकाळी हुलसूरहून कल्याण (बसवकल्याणला आम्ही नुसतं कल्याणच म्हणतो) आणि तिथून पुढं, दोघं एकाच गाडीवर. संध्याकाळी तिला घेऊन परत. एकदा बुद्ध पौर्णिमेला तिच्या माहेरी भालकीला याच गाडीवर गेलो, तर विहाराच्या दारात तिचे भाऊ गाडीभोवती फिरून फिरून बघत होते. मला फार बरं वाटलं होतं.

दहा-अकरा वर्षांनी गाडीचा दम कमी झाला. धूर सोडायला लागली. हुलसूर सोडून कल्याणकडे जाताना एक लांब चढ आहे. त्या चढाच्या पायथ्याशी बायको माझ्या खांद्यावर थोपटायची.

"थांबा, उतरते मी. तुमी व्हा म्होरं."

मी वर जाऊन थांबायचो. ती चालत यायची, पर्स काखेत, कधी पदर डोक्यावर घेऊन. तेवढ्यात शाळेतला कुणीतरी शिक्षक शेजारून जायचा आणि हमखास ओरडायचा, "काय सर, वैनीला चालवायलाव का?"

मी हसायचो. पण दिवसभर ते डोक्यात राहायचं. लहानपणापासून लोकांनी माझ्यासाठी थांबायचं, माझी पिशवी घ्यायची, मला बसायला जागा द्यायची, हे मी पुष्कळ सोसलं होतं. आता बायकोनं माझ्या गाडीपायी पायपीट करायची, हे मला सहन होईना. तिला मात्र मी कधी विचारलं नाही. ती उतरते ती गाडीला ओझं होऊ नये म्हणून, हे मी गृहीतच धरलं होतं.

उस्तादांना दाखवलं. त्यांनी गाडी सुरू केली, दोनदा रेस केली, बंद केली.

"थक गया है इंजन, सर. रिंगा, वॉल्व बदलके जैसा था वैसा करके देतुं."

"जैसा था वैसा नको उस्ताद. ताकद वाढवायचीय."

"नक्को सर. जितना है उतना अच्छा है."

मला ते पटलं नाही. वय झालंय त्यांचं, असं मनाशी म्हणालो. शाळेतल्या एकाच्या सांगण्यावरून मी बीदरला गेलो. तिथं एक गॅरेजवाला होता, तिशीतला, मोठा हुशार बोलायचा. त्यानं मोबाईलवर मला व्हिडिओ दाखवले. गाडीची बाहेरची बॉडी तीच ठेवायची, आत मोठा ब्लॉक आणि मोठा पिस्टन टाकायचा, कार्बोरेटर बदलायचा.

"सर, गाडी उडल बघा."

"टिकेल का?"

"टिकल की. कामून टिकायचं न्हाई?"

गणिताचा मास्तर असून मी पुढचा प्रश्न विचारला नाही. ज्या इंजिनाची बाकीची हाडं लहान पिस्टनच्या मापानं केलीत, त्यांनी मोठ्या पिस्टनचा धक्का कसा सोसायचा? हा प्रश्न माझ्या नववीच्या पोरांनीही विचारला असता. मला विचारायचाच नव्हता.

गाडी हातात आली तो दिवस अजून आठवतो. आवाजच बदलला होता, खोल आणि घोगरा. दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याला बायकोनं खांद्यावर थोपटलं. मी ओरडलो, "बस गप!" आणि मूठ पिळली. गाडी एका दमात वर चढली. मागून तिनं माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला होता. वर गेल्यावर मी गाडी थांबवून मागं वळून बघितलं. मला तिचा चेहरा बघायचा होता.

"बरं झालं," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

मला वाटलं होतं ती याहून जास्त काही म्हणेल.

पुढचे तीन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की गाडी नवीन झाली. खरं म्हणजे गाडी थरथरायची. कल्याणला पोचेपर्यंत माझे तळहात मुंग्या येऊन बधिर व्हायचे, वर्गात खडू धरता यायचा नाही. उजव्या पोटरीला इंजिनाची धग लागायची. एक दिवस बायकोला दवाखान्यात सोडून पुढं जाताना मागची नंबरप्लेट गळून पडली. मी परत जाऊन ती शोधून आणली आणि घरी सांगितलंच नाही. दर रविवारी पाना घेऊन सैल झालेले नटबोल्ट आवळायचो. "काय करायलाव उन्हात?" असं बायकोनं विचारलं की म्हणायचो, "पुसायलोय गाडी."

मग एप्रिल आला. सकाळची शाळा होती. बायकोचीही सकाळची ड्यूटी. दुपारी एकच्या सुमारास आम्ही कल्याण ओलांडून हुलसूरच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा होता, डांबर चमकत होतं. मी जरा वेग घेतला. एकाएकी इंजिनातून कर्रकन आवाज आला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. गाडीची शेपटी फरफटत एका बाजूला गेली. माझ्या हातानं आपोआप क्लच दाबला गेला, चाक सुटलं आणि वेग कमी होत गाडी रस्त्याकडेच्या मातीत गेली. ती थांबता थांबता डावीकडे कलली. मी डावा पाय टाकला. तिथं जमीन खाली होती. पाय पुरलाच नाही.

आता पडलो, असं वाटलं. पण गाडी अर्ध्यावर अडकून राहिली. मागं बघतो तर बायको खाली उतरलेली, सीटमागची दांडी दोन्ही हातांनी धरून सगळ्या अंगाचा भार उजवीकडे टाकून उभी.

"लागलं का?" आम्ही दोघांनीही एकदमच विचारलं.

कुणालाच लागलं नव्हतं. तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता, बस. गाडी सरळ करून स्टँडवर लावली. इंजिनातून जळक्या तेलाचा वास येत होता आणि गरम लोखंड टिकटिक वाजत होतं. कल्याणच्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्याला फोन केला, तो तासाभरात येतो म्हणाला. आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसलो. तिनं बाटलीतलं पाणी माझ्या हातावर ओतलं.

मग मी सगळं सांगून टाकलं. थरथर, नंबरप्लेट, नटबोल्ट, सगळं.

"माझीच चूक. तुला त्या चढावर चालायला लागू नये म्हणून केलं."

"कोणता चढ?"

"तोच की. रोज उतरायचीस तू. गाडी ओढत न्हाई म्हणून."

मग तिला हसू आलं, आधी थोडं आणि मग आवरेचना.

"अवो, गाडी ओढत न्हाई म्हणून कोण उतरत होतं? वय झालं तशी माझी कंबर धरायला लागली. मागची सीट बघितली का कधी तुमी बसून? वीतभर बी न्हाई. तुमी म्होरं ऐसपैस, अन् मी मागं टांगलेली. पाय बधिर व्हायचे माझे. म्हणून चढ आला की उतरायची. जरा चाललं की मोकळं व्हायचं."

"मग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं असतं तर तुमी गाडीच विकून टाकली असती. मला म्हाईत न्हाई व्हय? अन् मग पुन्यांदा बसला लोंबकळत गेला असता."

ज्या कारणासाठी मी इंजिन फोडून घेतलं, ते कारणच नव्हतं. मला खरं तर राग यायला हवा होता, स्वतःचा किंवा तिचा. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. टेम्पो येईपर्यंत आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. टेम्पोवाला उतरून आधी आमच्याकडे आणि मग गाडीकडे बघायला लागला.

उस्तादांनी इंजिन उघडलं तेव्हा मी समोरच होतो. पिस्टन सिलिंडरला घासून चिकटला होता. पिस्टनचा दांडा वाकला होता आणि इंजिनाच्या खालच्या बॉडीला केसाएवढी चीर गेली होती. उस्तादांनी त्या चिरेवरून नख फिरवलं.

"इसको अब बनाना नक्को, सर. बनाया तोबी फिर तुमना रस्ते में छोडेगा. पूरा इंजन बदलो, या गाडी बदलो."

बायको म्हणाली, नवी गाडी घ्या. शोरूमला गेलो. माझ्या जुन्या मॉडेलची गाडी आता निघत नाही. उंच गाड्यांचा प्रश्नच नव्हता. बसक्या होत्या त्या वजनाला भारी. एकीवर बसलो आणि स्टँडवरून सरळ केली, तर तिनं मला डावीकडे ओढायला सुरुवात केली. सेल्समननं पटकन येऊन हँडल धरलं आणि "असू द्या सर, मी धरतो," म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला तो. मी उतरलो आणि बायकोला म्हटलं, चल.

म्हणजे गाडी तीच ठेवायची आणि इंजिन शोधायचं. भंगारातून सुटी इंजिनं विकणाऱ्या एकानं हैदराबादहून फोटो पाठवला. तेच मॉडेल, चकचकीत. मी लगेच हो म्हणणार होतो. उस्तादांनी फोटो मोठा करून बघितला आणि मोबाईल परत दिला.

"नंबर किदर है? घिसा हुआ है. चोरी का माल रहिंगा. हात नक्को लगाव."

त्या महिन्यात मी बसनंच गेलो. उभ्यानं प्रवास केला की माझा पाय संध्याकाळी भरून यायचा. बायको रात्री तेल गरम करून आणून ठेवायची. मला भीती एवढीच होती की हे आता कायमचंच.

आणि एक दिवस उस्तादांचाच फोन आला. त्यांच्या ओळखीचे एक कापडदुकानदार आळंदला होते, आळंद म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं. त्यांच्याकडे माझ्याच मॉडेलची गाडी होती. दुकानासमोर उभी असताना ट्रॉली मागं घेणाऱ्या ट्रॅक्टरनं तिची चेसी वाकवली होती. इंजिनाला धक्का लागला नव्हता. रविवारी उस्ताद आणि मी बसनं आळंदला गेलो.

दुकानदार सत्तरीचे, कपाळाला विभूती, पांढरंशुभ्र धोतर. "बर्री सर, कूडरी," असं कानडीत म्हणत त्यांनी गादीवर जागा केली. मग मराठीत आले. धोतर नेसून टांग टाकायला सोपी म्हणून त्यांनी ही बसकी गाडी घेतली होती. माझ्या पायाकडे त्यांची नजर गेली, पण त्यांनी विचारलं ते गाडीबद्दल.

"तुमच्या इंजिनाला काय झालं?"

मी उस्तादांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

"मीच बिघडवलं, अप्पा. मोठा पिस्टन टाकला."

"अय्यो." त्यांनी दोन्ही हात कानाला लावले. "ह्याच्यात तसलं काई बेडरी सर, करू नका. लई संभाळून चालवलंय मी. चाळीसच्या वर कधी न्हाई."

"नाही करणार."

मागच्या खोलीत चादरीखाली गाडी होती. पुढचं चाक एका बाजूला तोंड करून बसलेलं, हँडल वाकडं. दुकानदारांनी पेट्रोल घातलं आणि बटण दाबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर इंजिन सुरू झालं. उस्ताद उकिडवे बसले, त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिले. जागा बदलून पुन्हा ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का ते बघत होतो.

"अच्छा है," ते म्हणाले.

एवढंच म्हणाले. दुकानदारांच्या बायकोनं शेंगदाण्याची पोळी आणि तूप वाढलं. मी चार पोळ्या खाल्ल्या.

यापुढं मी कशातही घाई केली नाही. आधी बीदरला आरटीओ ऑफिसात जाऊन खिडकीवर विचारलं. तिथल्या कारकूनबाईंनी कागदाच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. त्याच कंपनीचं, त्याच मापाचं इंजिन असेल तर बदलता येतं. अर्ज, विकत घेतल्याचं बिल, आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिची नोंदणी रद्द केल्याचा कागद. तो कागद आळंदच्या दुकानदारांनी स्वतः कलबुर्गीला दोनदा जाऊन काढला आणि कुरियरनं पाठवला. सोबत त्यांच्या गाडीची चौदा वर्षांची सर्व्हिसिंगची बिलं होती, दोऱ्यानं बांधलेली.

उस्तादांनी इंजिन बसवलं. मधल्या काळात मी दुसरं एक काम करून घेतलं. कल्याणच्या सीटवाल्याकडे बायकोला नेलं आणि तिला मागं बसवून माप घ्यायला लावलं. तिनं तिथं खुशाल सांगितलं, एवढी रुंद करा, पाठीला टेकायला असू द्या, अन् पायाला फळी लावा.

तपासणीच्या दिवशी मी एकटाच बीदरला गेलो, बायकोला रजा नव्हती. हुलसूर ते बीदर गाडी अशी गेली की वाटेत इंजिनाचा विचार करायचंच मी विसरलो. भालकी मागं पडल्यावर लक्षात आलं की माझे तळहात शाबूत आहेत.

इन्स्पेक्टर साहेबांनी इंजिनावरच्या नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. शेवटून दुसऱ्या आकड्याला ते थांबले. तीन की आठ, कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कागदांत आठ होता. माझ्या डोक्यात लगेच सगळं उलटं फिरायला लागलं. हैदराबादचा तो फोटो, पोलीस, बस.

"मळ बसलाय," ते म्हणाले. "चिंधी आहे का?"

मी खिशातला हातरुमालच दिला. त्यांनी तो पेट्रोलमध्ये बुडवून जागा पुसली, नवा कागद धरला आणि पुन्हा पेन्सिल घासली. आठ. स्वच्छ, गोल आठ. मी वर्गात फळ्यावर काढतो तसा.

"इंजिनात काही बदल केलाय का? मोठा पिस्टन वगैरे?"

"नाही साहेब. जसं होतं तसं आहे."

त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. माझा रुमाल त्यांनी टेबलावर तसाच ठेवला होता, काळाकुट्ट झालेला. मी तो घेतला आणि बाहेर आलो. आवारातल्या लिंबाखाली उभं राहून बायकोला फोन लावला.

"झालं," मी म्हटलं.

पलीकडून लहान मूल रडल्याचा आवाज येत होता, लसीकरणाचा दिवस असावा.

"झालं म्हणजे नक्की झालं ना?"

"व्हय. शिक्का मारला."

"बरं. जेवला का?"

"न्हाई अजून."

"मग आधी जेवा. घाई करू नका, अन् सावकाश या."

बसस्टँडसमोर एका खानावळीत जेवलो. दोन वाजता घरी पोचलो. गाडी अंगणात लावली, शर्टसुद्धा काढला नाही, आणि कॉटवर आडवा झालो. गेले काही महिने मला दुपारची झोप अशी लागली नव्हती. बायको टमटमनं घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती सांगते की तिनं दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी शेजारणीच्या गच्चीवरून येऊन मागचं दार उघडलं. मला यातलं काहीच आठवत नाही. मी जागा झालो तेव्हा ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती आणि कुणाला तरी फोनवर सांगत होती, "झोपलेत. झोपू दे म्हटलं."